सरटारोहण

जुन्या पंचांगांच्या अखेरच्या पानांवर पल्लीपतनाच्या कोष्टकाशेजारी सरटारोहणाचेही फल दिलेले असे. पाल वरून अंगावर पडते आणि सरडा खालून अंगावर चढतो, एवढा भेद नीट लक्षात घेऊन कोणत्या अवयवाशी स्पर्श झाला असता काय प्राप्त होते आणि स्नान किंवा शांती केल्याने काय टळते, याचा खुलासा तेथे सापडे. सरड्याने आपण होऊन माणसाच्या अंगावर चढावे, हा प्रसंग मुळात विरळा. माणसाने सरड्याला हौसेने हातावर चढवून घ्यावे आणि तेही दररोज, याचे फल सांगण्याची गरज तर कोणाही ज्योतिर्विदाला भासली नसावी. १९८३ सालचा दसरा उलटल्यावर म्हैसूरच्या एका घराच्या परसात हे आरोहण काही आठवडे रोज सकाळी होत असे. ज्यांच्या हातावर ते होई ते गृहस्थ अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेत मराठीचे शिक्षक होते. घरमालकीण अज्जी त्यांना ‘मेष्ट्रे’ म्हणत. मराठीतल्या ‘मास्तर’चेच ते कानडी रूप. त्यांना येथेही मास्तरच म्हणावे, हे बरे.

मास्तर म्हैसुरास आले ते कानडी शिकण्यासाठी. १९६९ साली तेथे केंद्रीय भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि त्याच्या प्रादेशिक केंद्रांतून अन्य राज्यांतल्या शाळाशिक्षकांना दहा महिन्यांत एक नवी भाषा शिकवण्याची योजना सुरू झाली. म्हैसूरच्या दक्षिण केंद्रात द्राविड भाषांचे वर्ग भरत. मानसगंगोत्रीच्या त्या विस्तीर्ण आवारात पंजाबचा माणूस तमिळ अक्षरे गिरवतो आहे आणि बंगालचा माणूस मल्याळम उच्चारांशी झोंबतो आहे, हे दृश्य त्या वर्षांत काही नवलाचे नव्हते. मास्तरांच्या बाबतीत मात्र एक गुंता होता. अर्जात मातृभाषेपुढे त्यांनी ‘मराठी’ असे लिहिले होते. ते खोटे नव्हते आणि पुरते खरेही नव्हते. त्यांची आई घरात कानडी बोले. तिला अक्षरओळख नव्हती. मुलगा शाळेत गेला, मराठी शिकला, मराठीचाच शिक्षक झाला आणि आईची भाषा चुलीपुरती उरली.

सीमेवरच्या गावांत अशी घरे शेकड्यांनी आहेत. त्यांत विशेष काही नाही. विशेष झाले ते १९६७ सालानंतर. महाजन आयोगाने जी गावे इकडून तिकडे द्यावीत असे सुचवले त्यांत अक्कलकोट तालुका होता. शिफारशी अमलात आल्या नाहीत, पण माणसांकडे पाहण्याची दृष्टी मात्र बदलली. एका बाजारच्या दिवशी मास्तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी कानडीत बोलताना एका सहकाऱ्याने ऐकले आणि शिक्षकांच्या खोलीत हसत हसत एकच शब्द वापरला: सरडा. आज इकडचा, उद्या तिकडचा. विनोद म्हणूनच तो बोलला गेला असेल. त्यानंतर कित्येक वर्षे मास्तर बाजारात कानडी बोलले नाहीत.

हे सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कुक्करहळ्ळीच्या तळ्याकाठच्या रस्त्यावर तीनचार पोरे एका सरड्याला दगड मारत होती, तेव्हा मास्तर का थांबले, याचे दुसरे कारण देता येत नाही. लहानपणी त्यांनीही सरडे मारले होते. भूतदयेबद्दल त्यांची कोणतीही ख्याती नव्हती.

तो सरडा साधा कुंपणावरचा सरडा नव्हता. मराठीने या बाबतीत थोडा आळस केला आहे. मान डोलावीत कुंपणावर बसणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल करणारा तोही सरडा आणि झाडीत पानासारखा डुलत चालणारा, शेपटीची गुंडाळी करणारा हाही सरडाच. कोकणात या दुसऱ्याला घोयरा म्हणतात. पण तो शब्द घाट चढून फारसा वर आला नाही. कानडीने मात्र दोघांना वेगळे ठेवले: कुंपणावरचा ओतिक्यात आणि झाडातला गोसुंबे किंवा ऊसरवळ्ळी. म्हणींत मात्र दोन्ही भाषांना कुंपणच आठवले. मराठीत सरड्याची धाव कुंपणापर्यंत. कानडीत सरड्याला कुंपण साक्षी आणि कुंपणाला सरडा साक्षी, म्हणजे चोराला चोराचाच दाखला. एकीत प्राण्याच्या आवाक्याची थट्टा आहे, तर दुसरीत त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका. वर्गात ही कानडी म्हण आली तेव्हा सर्वांच्या आधी मास्तर हसले आणि ‘तुम्हाला आधीच कशी कळली?’ असे गुरुजींनी विचारताच ‘बसस्टँडवर ऐकली होती’ असे उत्तर देऊन मोकळे झाले.

या घोयऱ्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. लॉरेंटीने १७६८ साली ते दिले. जगात या कुळाच्या दोनशेहून अधिक जाती असून त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करात आहेत. भारताच्या वाट्याला ही एकच आली. ग्रीक भाषेत त्याच्या नावाचा अर्थ जमिनीवरचा सिंह असा होतो, आणि हे नाव ठेवणाराने थट्टाच केली असावी, कारण जमिनीवर हा प्राणी अत्यंत केविलवाणा दिसतो. त्याचे पाय फांदीसाठी घडलेले आहेत. पाच बोटे दोन जुडग्यांत विभागलेली. पुढच्या पायाला आत तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायाला याच्या उलट. त्यामुळे प्रत्येक पंजा ही एक सांडशी होते. सपाट डांबरी रस्त्यावर या सांडशीला धरायला काही नसते. एक पाऊल उचलावे, ते हवेत मागेपुढे हलवावे, मग टेकावे, अशा चालीने तो रस्ता ओलांडत असतो आणि तेवढ्या वेळात सायकल येते, कावळा येतो, पोरे येतात.

मास्तरांनी त्याला रुमालात घेतले तेव्हा तो काळपट तपकिरी होता, अंगावर फिक्या ठिपक्यांच्या ओळी होत्या, तोंड उघडून फुत्कारत होता. मागचा एक पाय दगडाने ठेचला होता. अज्जींनी दारातच विचारले, ‘मेष्ट्रे, हे काय आणलंत?’ मग त्या आत जाऊन पंचांग घेऊन आल्या, चष्मा लावून कोष्टक पाहिले आणि काही न बोलता पंचांग मिटले. हातावरच्या आरोहणाचे फल काय होते, ते त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही. एवढेच म्हणाल्या, ‘स्वयंपाकघराकडे नको.’ त्यांनीच अडगळीतले एक जुने जाळीचे कपाट काढून दिले, एके काळी दूधदुभते ठेवण्याचे. मास्तरांनी त्यात पेरूच्या फांद्या उभ्या-आडव्या बसवल्या.

पहिले दहा दिवस वाईट गेले. अज्जींचा नातू तळ्याकाठच्या गवतातून नाकतोडे पकडून आणी. सरड्याचे बुरुजासारखे दोन डोळे दोन दिशांना फिरत; मग दोन्ही एकाच नाकतोड्यावर येऊन थांबत, आणि अंगाच्या लांबीहून लांब जीभ सुटून परत येई, ती इतक्या वेगाने की पाहणाऱ्याला फक्त नाकतोडा नाहीसा झालेला कळे. खाणे होते, पण पाणी तो पीत नव्हता. वाटी भरलेलीच राही. कातडी सैल पडू लागली, डोळे खोल गेले. एके सकाळी अज्जी तुळशीला पाणी घालून ओल्या हाताने आत आल्या आणि बोटांवरचे पाणी सहज कपाटावर झटकले. पेरूच्या पानांवर थेंब जमले. सरडा हळूहळू पुढे आला आणि एकेक थेंब चाटू लागला. साचलेले पाणी त्याच्या जगात पाणी नसते. दवाचे आणि पावसाचे, पानावर हलणारे, चमकणारे थेंब म्हणजे पाणी. भाषेच्या वर्गात नुकतेच शिकलेले एक तत्त्व मास्तरांना येथे आठवले असेल तर नवल नाही: बोलणारा जे देतो ते नव्हे, ऐकणारा जे ओळखतो ते शब्द.

पण पाणी मिळूनही पाय बळ धरीना. गावातल्या एका पशुवैद्याने बघून सांगितले की याला ऊन हवे. मास्तर म्हणाले, कपाट खिडकीशीच ठेवले आहे. वैद्य म्हणाला, काचेतून आलेले ऊन नव्हे. हे त्याचे म्हणणे आजच्या ज्ञानाशीही जुळणारे आहे. सूर्यकिरणांतला जो अतिनील भाग कातडीत ड जीवनसत्त्व घडवतो तो खिडकीच्या काचेत अडतो. आणि ते जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेला चुना हाडांत उतरत नाही, हाडे वाकतात, जबडा मऊ पडतो, आणि पंजांची सांडशी हळूहळू निकामी होते. ज्या देशांत येमेनचे किंवा मादागास्करचे सरडे पाळण्याची रीत आहे तेथे यासाठी खास दिवे मिळतात. तरीही तेथले जाणते लोक हवा उबदार असली की आपल्या प्राण्याला झाडावर नेऊन बसवतात. म्हैसुरात दिवे नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवरच्या त्या गावात कार्तिकातली सकाळ थंड असते आणि आठ-साडेआठनंतरचे ऊन कोणत्याही हाडाला मानवेल असे असते.

तेव्हा सरड्याला परसात न्यायचे ठरले, आणि न्यायचे तर हातात घ्यायला हवे. ही विद्या मास्तर चुका करीत शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी वरून पाठीला धरून उचलले. सरडा काळाठिक्कर पडला, फुगला आणि चावला. चावणे फार लागण्यासारखे नव्हते. लागली ती त्या काळेपणाची गोष्ट. वरून येते ते मरण, एवढे त्या जातीला जन्मतः ठाऊक असते: घार, शिक्रा, कावळा, भारद्वाज, सगळे वरूनच येतात. फांदीला घट्ट धरलेले पंजे ओढून काढू नयेत, नखे दुखावतात, हेही दुसऱ्या दिवशी कळले. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी नातवाच्या पतंगाचा दोरा सरड्याच्या कमरेला बांधला, पळून जाऊ नये म्हणून. तो दोरा पाव तासात त्यांनीच कापला. सरडा फांदीवर ताठ झाला होता, तोंड उघडे, एकही पाऊल उचलीत नव्हता. त्याला बाहेर नेऊनही तो बाहेर गेला नव्हता.

अखेर रीत सापडली ती अशी. हात खालून आणि समोरून, अगदी सावकाश न्यावा. तर्जनी त्याच्या छातीच्या किंचित पुढे आडवी धरावी आणि तशीच धरून ठेवावी. बोलू नये, त्याला ऐकू फारसे येत नाही, पण बोलणाऱ्याचा हात हलतो. मग दोन मिनिटांनी, कधी दहा मिनिटांनी, एक सांडशी बोटावर येते, आणि ते बोट ही एक फांदी आहे असे ठरले की उरलेल्या तिन्ही येतात. मूठ कधीही मिटायची नाही. परसात पेरूच्या झाडाशी जाऊन हात फांदीला लावावा आणि पुन्हा थांबावे. घाई असलेल्या माणसाचे हे काम नव्हे. वर्ग दहाला भरत असे आणि मास्तर रोज उशिरा पोहोचत.

परसातल्या त्या तासाचीही काही पथ्ये होती. झाडाची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असलीच पाहिजे, आणि कोठे बसायचे ते त्याचे त्याने ठरवायचे. सकाळी तो उन्हाकडे कूस करून बसे आणि तेवढीच कूस गडद करी. गडद रंग ऊब लवकर पितो. अंग तापले की फिका पडे आणि सावलीच्या बाजूस सरके. तोंड उघडे ठेवून फिका पडलेला सरडा म्हणजे ऊन जास्त झालेला सरडा. मग त्याला हलवायला उशीर करू नये. शिवाय एक जण सतत खाली उभा हवा. कावळ्यांना या कार्यक्रमाची बातमी तिसऱ्याच दिवशी लागली होती.

आणि याच झाडावर मास्तरांनी प्रथम तो हिरवा रंग पाहिला. दहा-बारा दिवस ते ज्याला सरड्याचा रंग समजत होते तो काळपट तपकिरी रंग फांदीवर गेल्यावर विरत चालला. आधी पोटाच्या कडेने, मग पाठीवर, कोवळ्या पेरूच्या पानाहून उजळ असा हिरवा रंग आला आणि त्यावर पिवळ्या ठिपक्यांची ओळ उमटली. मास्तरांना वाटले, झाडासारखा झाला. अज्जींनी तुळशीपाशी उभ्या राहून निराळेच पाहिले. दोन-तीन दिवसांनी त्या म्हणाल्या, ‘मेष्ट्रे, तुमच्या हातावर आलं की ते काळं पडतं आणि झाडावर गेलं की हिरवं होतं. हात आणि झाड एकाच उन्हात असतात. माझं लग्न झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. सासरे घरात आले की माझंही असंच व्हायचं म्हणतात.’

अज्जींचे निरीक्षण शास्त्राच्या पुढे होते, असे म्हणण्यास हरकत नाही. सरडा परिसराचा रंग घेतो हा समज जगभर रूढ असला तरी तो बहुतांशी चुकीचा आहे. त्याचा रंग बदलतो तो ऊब, भीती, राग, वीण आणि दुखणे यांच्यामुळे. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीचा अभ्यास करून दाखवले की कातडीतल्या काही पेशींत ग्वानिनाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असता ते जवळजवळ असतात, चेतवला की एकमेकांपासून दूर सरकतात, आणि त्या अंतरावर परावर्तित होणारा रंग ठरतो. म्हणजे ज्याला सर्व भाषांनी दांभिकतेचे उदाहरण केले, चेखोव्हने १८८४ सालच्या कथेत ज्याच्या नावाने एका लाचार पोलीस अधिकाऱ्याची हजेरी घेतली, तो प्राणी प्रत्यक्षात मनातले काही लपवूच शकत नाही. त्याची भीती त्याच्या कातडीवर सर्वांना वाचता येते. माणसाला हे साधत नाही. शिक्षकांच्या खोलीत ‘सरडा’ हा शब्द ऐकल्यावर मास्तर हसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी कोणालाही काही दिसले नव्हते.

रामकृष्ण परमहंसांच्या एका प्रसिद्ध दृष्टांतात सरड्याला न्याय मिळाला आहे. कोणी म्हणतो झाडावरचा तो प्राणी लाल, कोणी म्हणतो हिरवा, कोणी पिवळा, आणि भांडण झाडाखाली राहणाऱ्या माणसाकडे जाते. तो म्हणतो, सगळे खरे. मी येथेच राहतो, म्हणून सगळे रंग पाहिले आहेत आणि कधी कधी त्याला रंगच नसतो, हेही पाहिले आहे. बंगालीत या प्राण्याला बहुरूपी म्हणतात. कलकत्त्यात १९४८ साली शंभु मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या नाट्यसंस्थेचे नावही तेच. तेथे या शब्दाला निंदेचा स्पर्श नव्हता. दृष्टांताचा रोख ईश्वरस्वरूपाकडे आहे, हे खरेच. पण झाडाखाली राहण्याची जी अट त्यात आहे ती सरड्याच्या बाबतीतही शब्दशः लागू पडते. मास्तर दोन महिने झाडाखाली होते.

याहून जुनी कथा नृग राजाची. दान दिलेली गाय चुकून पुन्हा दान दिली गेली आणि राजा कृकलास होऊन विहिरीत पडला. भागवताच्या दशम स्कंधात यादवांची मुले दोऱ्या लावून त्याला ओढून काढू पाहतात आणि तो निघत नाही; मग कृष्ण डाव्या हाताने सहज वर घेतो, आणि त्या हाताच्या स्पर्शाने त्याचे सरडेपण गळते. सरड्याला हातात घेण्याची भारतीय वाङ्मयातली सर्वांत उदात्त कथा हीच असावी. मास्तरांनी ती शाळेत अनेकदा सांगितली होती. उत्तरकांडातली तिची दुसरी वाट मात्र त्यांना म्हैसुरातच, संस्थानाच्या ग्रंथालयात, प्रथम सापडली. तेथे कृष्णाचा हात यायला अजून अवधी आहे. सरडा होणे अटळ आहे हे कळल्यावर नृग कारागिरांकरवी आपल्यासाठी तीन विवरे करवून घेतो: एक पावसाळ्यासाठी, एक थंडीसाठी, एक उन्हाळ्यासाठी, आणि भोवती फळझाडे, फुलझाडे आणि वेली लावण्याची आज्ञा देतो. राजा असताना ज्याला दारी आलेल्या दोन ब्राह्मणांची विचारपूस करता आली नाही, त्याला सरडा होताना ऊन, पाऊस आणि झाडे यांची इतकी बारीक आठवण यावी! कोणाही प्राणिपालकाने वाचावे असे ते स्थळ आहे. जाळीच्या कपाटात एकच ऋतू असतो.

नोव्हेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात सरडा बदलला. नाकतोडे समोरून गेले तरी जीभ सुटेना. कपाटात असला की तळाशी उतरून फळी खरवडी, झाडावर नेले की सरळ खाली यायला निघे. मास्तरांना वाटले, दुखणे. पोट दोन्ही बाजूंनी फुगले होते, गाठीगाठींसारखे. वैद्याने बोट लावताच सांगितले की ही मादी आहे, अंडी पोटात आहेत आणि माती मिळाली नाही तर तिला ती टाकता यायची नाहीत. अंडी अडली तर मादी मरते. रस्त्यावर ती का सापडली याचा उलगडा तेव्हा झाला. वर्षभर झाडावर राहणारा हा प्राणी जमिनीवर उतरतो तो बहुधा याच एका कामासाठी, आणि नेमका याच वेळी मारला जातो. ती कोठेतरी मऊ माती शोधत निघाली होती. मास्तरांनी तिला पोरांपासून वाचवले आणि फळीच्या कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गाला गेलेच नाहीत. जास्वंदीच्या आळ्याशी तिला सोडले आणि तिघे जण, अज्जी, नातू आणि मास्तर, मागच्या पायरीवर बसले. तिने तीन ठिकाणी माती उकरून पाहिली आणि सोडून दिली. चौथ्या ठिकाणी डोके खाली घालून ती दुपारपर्यंत खणत राहिली, ठेचलेला पाय बाजूला फाकवून, उरलेल्या तिघांनी. मग मागे वळून त्या भोकात उलटी बसली. संध्याकाळी माती लोटून, पायांनी दाबून, तिने जागा इतकी सारखी केली की पाहिले नसते तर कोणाला पत्ता लागला नसता. त्या सबंध दिवसात मास्तरांनी तिला एकदाही हात लावला नाही. अंधार पडताना उचलायला गेले तेव्हा ती इतकी गळून गेली होती की काळीही पडली नाही. नुसती फिकट होती. अज्जींनी तिच्यासमोरच्या पानांवर पाणी शिंपडले.

तिला पुन्हा बळ धरायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत मास्तरांना दोन गोष्टी कळल्या. एक कायद्याची: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत हा सरडा आहे आणि त्याला पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. ही गोष्ट वैद्यानेच संकोचत सांगितली, आणि जखम भरली की सोडून द्या असे म्हणाला. मास्तरांना कायद्याचे भय नव्हते असे नाही. पण त्यांना टोचले ते वेगळे. आपण पाळतो आहोत असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. वाचवतो आहोत असे वाटत होते, आणि वाचवण्याची मुदत कधी संपली ते लक्षात आले नव्हते.

दुसरी गोष्ट पुस्तकाची. गुरुजींनी त्यांना पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’ ही कादंबरी वाचायला दिली. १९८० साली आलेली ही कादंबरी पश्चिम घाटातल्या उडत्या सरड्याच्या शोधाची आहे. एक शास्त्रज्ञ, एक शेतकरी लेखक आणि जंगल जाणणारा मंदण्णा नावाचा एक खेडूत त्या सरड्याच्या मागे रान तुडवतात, आणि अखेरीस तो हाती येत नाही. कड्यावरून दरीत झेप घेऊन निघून जातो. वर्गातले बाकीचे विद्यार्थी अजून वाक्यरचनेत अडखळत होते. मास्तरांनी पुस्तक चार रात्रींत संपवले. लिपी पाच महिन्यांची होती, पण मंदण्णाचे बोलणे कानाला अनोळखी नव्हते. मलनाडाचे असूनही त्यात त्यांच्या आईच्या बोलण्याचा काही अंश होता. पुस्तक परत करताना गुरुजींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मास्तरांनी बसस्टँडचे नाव घेतले नाही. ‘आई बोलते,’ ते म्हणाले, आणि ते कानडीत म्हणाले. गुरुजी क्षणभर थांबले आणि मग एवढेच म्हणाले, ‘मग उच्चार तिचेच ठेवा. आमचे शिकू नका.’

डिसेंबरातल्या एका सकाळी, ऊन चांगले वर आल्यावर, मास्तर आणि नातू तिला घेऊन निघाले. पिशवीत घालायचे नव्हते. पेरूची एक फांदीच तोडून घेतली होती आणि तिच्यावर ती बसली होती. वाटेत लोक थांबून पाहत. चामुंडीच्या पायथ्याकडे खुरटी झुडपे आहेत, घाणेरी आहे, अधूनमधून करंज आहेत. रस्त्यापासून बरेच आत जाऊन मास्तरांनी ती फांदी एका करंजाच्या फांदीला टेकवली. ती निघेना. नातू म्हणाला, ‘मेष्ट्रे, तिला जायचं नाही.’ मुलाला तसे वाटणे साहजिक होते, आणि मास्तरांनाही क्षणभर तसे वाटून गेले असेल. पण फांदी धरलेल्या त्यांच्या हाताकडे तिचा एक डोळा वळलेला होता आणि ती काळपट होत चालली होती. मास्तरांनी फांदी करंजाच्या बेचक्यात अडकवून ठेवली आणि वीस पावले मागे येऊन उभे राहिले. काही वेळाने करंजाच्या पानांत एक पान उलट्या दिशेने हलले. जवळ जाऊन पाहिले तेव्हा पेरूची फांदी रिकामी होती आणि करंजात शोधूनही काही दिसले नाही.

एप्रिलात वर्ग संपला आणि मास्तर गावी परतले. जाळीचे कपाट अज्जींनी पुन्हा अडगळीत टाकले. जुलैत त्यांचे पत्र आले, नातवाच्या अक्षरात. पाऊस चांगला पडला आहे, जास्वंदीच्या आळ्यात मी कोणाला कुदळ घालू देत नाही, तण माजले आहे म्हणून शेजारीण हसते, मुलगा रोज जाऊन बघतो, पेरूला या वर्षी फळ बरे आहे, असा मजकूर होता. कानडीतले पत्र त्या घरात प्रथमच आले होते. मास्तरांनी ते आईला वाचून दाखवले. ती पदर सारखा करून ऐकत बसली. ‘गोसुंबे’ या शब्दापाशी तिने त्यांना थांबवले, आणि आपण त्याला काय म्हणतो ते सांगितले. तो शब्द मास्तरांच्या दहा महिन्यांच्या कोणत्याही पुस्तकात आला नव्हता. त्यांनी तो पत्राच्या समासात, तिने उच्चारला तसा, कानडी लिपीत लिहून घेतला, आणि मग पुढे वाचू लागले.